रिकामी ठेवलेली जागा : बायबायिन लिपीतल्या ‘र’चं प्रकरण

‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांत फरक फक्त ‘र’च्या रूपाचा. एकात रफार, दुसऱ्यात अर्धा र. एक समुद्र, दुसरी डोंगरांमधली खोल जागा. संगणकावर हा अर्धा र नीट उमटावा यासाठी मराठी लोकांनी किती खटपट केली हे ज्यांनी आपल्या मजकुरात चुकीचे रफार पाहिले आहेत त्यांना ठाऊक आहे. म्हणूनच फिलिपिन्समधल्या एका जुन्या लिपीत ‘र’ साठी संकेतांक मिळायला १९ वर्षं लागली हे कळलं, तेव्हा ते मला परकं वाटलं नाही. त्या एका अक्षराचं प्रकरण इथे सविस्तर मांडतो आहे. प्रस्ताव मांडणारे, फॉन्ट बनवणारे आणि त्यावर निर्णय घेणारे यांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत, कारण महत्त्वाचं काय असेल तर निर्णय कसे झाले ते.

पार्श्वभूमी

बायबायिन ही तागालोग भाषेची स्पॅनिश काळापूर्वीपासूनची लिपी. ती ब्राह्मीच्याच घराण्यातली आहे, आणि हे नातं तपासायला फार दूर जावं लागत नाही. तीन स्वर आणि १४ व्यंजनं, अशी एकूण १७ अक्षरं. प्रत्येक व्यंजनात ‘अ’ आपल्यासारखाच गृहीत धरलेला. व्यंजनावर छोटी खूण केली की ‘इ’ किंवा ‘ए’, खाली केली की ‘उ’ किंवा ‘ओ’. या खुणेला कुद्लित म्हणतात. शब्दाच्या शेवटी नुसतं व्यंजन आलं तर ते लिहितच नसत. वाचणाऱ्याने संदर्भाने भरून घ्यायचं. पाय मोडण्याची सोय १६२० च्या सुमारास एका स्पॅनिश धर्मगुरूने क्रॉसच्या आकाराची खूण सुचवून केली, पण ती त्या काळच्या लोकांमध्ये रुजली नाही.

भारताशी असलेला धागा याहून जुना आहे. १९८९ मध्ये फिलिपिन्सच्या लागुना प्रांतात सापडलेला ताम्रपट कावी या जुन्या जावानी लिपीत आहे आणि त्यावरचा काळ शक ८२२, वैशाख, कृष्ण चतुर्थी, सोमवार असा दिला आहे. म्हणजे इसवी सन ९००. आपल्या पंचांगात आजही चालणारी कालगणना तिथल्या एका कर्जमाफीच्या कागदावर आहे. हा ताम्रपट वाचणारे आंतून पोस्तमा हे मिंदोरो बेटावर हानुनो मांग्यान लोकांत राहिलेले डच धर्मगुरू. त्यांचं नाव पुढे पुन्हा येईल.

बायबायिनमधला सगळ्यात प्रसिद्ध छापील मजकूर म्हणजे १५९३ मध्ये मनिलात छापलेली ‘दोक्त्रिना क्रिस्तियाना’ ही ख्रिस्ती धर्मशिकवणीची पुस्तिका. सांतो तोमास विद्यापीठाच्या दफ्तरात १६१३ आणि १६२५ चे जमीनविक्रीचे दोन दस्त या लिपीत आहेत. २०१४ मध्ये त्यांना राष्ट्रीय सांस्कृतिक ठेव्याचा दर्जा मिळाला. पुढे रोमन लिपीने तिची जागा घेतली. तरी ती पूर्ण विझली नाही. स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या कातिपुनान संघटनेच्या झेंड्यांवर तिचं ‘क’ होतं. २०१० च्या नोटांवर ‘पिलिपिनो’ हा शब्द या लिपीत आला, पासपोर्टच्या पानांवरही ती आहे, आणि २०१८ च्या एप्रिलमध्ये तिला राष्ट्रीय लिपीचा दर्जा देण्याच्या विधेयकाला प्रतिनिधिगृहाच्या समितीने मान्यता दिली. तरुण मंडळी ती हौसेने शिकू लागली. या पुनरुज्जीवनातूनच आपलं प्रकरण सुरू होतं.

अडचण नेमकी काय होती

जुन्या १७ अक्षरांत ‘र’ नाही. हा विसरभोळेपणा नव्हे. जुन्या तागालोगमध्ये ‘द’ आणि ‘र’ हे एकाच ध्वनीचे दोन उच्चार होते. दोन स्वरांच्या मध्ये आलं की ‘द’चा ‘र’ होई. आजही ही सवय भाषेत जिवंत आहे. ‘दामी’ म्हणजे पुष्कळपणा, त्यावरून ‘मारामी’ म्हणजे पुष्कळ. ‘बायाद’ म्हणजे मोबदला, ‘बायारान’ म्हणजे मोबदला देणं. व्यंजनानंतर ‘दिन’, स्वरानंतर ‘रिन’, अर्थ एकच: ‘सुद्धा’. त्यामुळे एकाच अक्षराने दोन्हींचं काम भागत होतं. सूर्य किंवा दिवस या अर्थाचा ‘आराव’ हा शब्द जुन्या पद्धतीने ‘अ’ आणि ‘द’ एवढ्या दोन अक्षरांत लिहिला जाई, आणि वाचणारा तो बरोबर वाचे. मोडी वाचलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. मोडीतही इकार-उकारांचा ऱ्हस्व-दीर्घ भेद पाळत नाहीत आणि वाचणारा अडत नाही.

पण भाषा तिथेच थांबली नाही. स्पॅनिशमधून ‘रेलो’ (घड्याळ), ‘रादियो’ असे शब्द आले, ‘मारिया’, ‘रिसाल’ अशी नावं आली. इथे ‘र’ सुरुवातीलाही येतो. आज ‘द’ आणि ‘र’ हे तागालोगमध्ये वेगळे ध्वनी आहेत. फिलिपिन्सचे राष्ट्रीय नायक होसे रिसाल यांचं नाव जुन्या पद्धतीने लिहिलं तर नवशिका ते ‘दिसाल’ असं वाचेल. म्हणून विसाव्या शतकात या लिपीत पुन्हा लिहू लागलेल्यांनी ‘द’च्या आकृतीत एक जादा रेघ घालून वेगळा ‘र’ वापरायला सुरुवात केली. हाताने लिहिताना यात काही अडचण नव्हती. अडचण संगणकावर आली.

संगणकाला अक्षर म्हणजे एक आकडा. हे आकडे युनिकोड हे जगभरच्या लिपींसाठीचं प्रमाण ठरवतं. मार्च २००२ मध्ये युनिकोडच्या ३.२ या आवृत्तीत फिलिपिन्सच्या चार लिपी एकदम आल्या: तागालोग (म्हणजे बायबायिन), हानुनो, बुहिद आणि तागबानवा. तागालोगच्या कोष्टकात १७ अक्षरं, दोन स्वरचिन्हं आणि पाय मोडण्याची खूण, अशी २० चिन्हं होती. ‘र’ नव्हता. पण कोष्टक जवळून पाहिलं तर ‘य’ला १७०सी हा आकडा आहे आणि ‘ल’ला १७०ई (हे आकडे सोळाच्या पद्धतीने मोजतात, त्यात ९ नंतर ए ते एफ ही अक्षरं येतात). मधला १७०डी रिकामा.

रिकामी जागा का ठेवली

चारही लिपींची अक्षरं एकाच क्रमाने, एकाच ओळीत यावीत अशी मांडणी केली गेली. हानुनोमध्ये ‘र’ आहे, तो १७२डी वर. बुहिदमध्येही आहे, १७४डी वर. तागालोगमध्ये १७०डी ही त्याच ओळीतली जागा, म्हणून ती मोकळी सोडली. हीच पद्धत भारतीय लिपींच्या कोष्टकांत आपण रोज पाहतो. देवनागरी ‘र’ ०९३० वर, बंगाली ०९बी० वर, गुजराती ०एबी० वर. प्रत्येक कोष्टकात त्याच अंतरावर. तमिळमध्ये ‘ख’ नाही, म्हणून ‘क’च्या पुढची जागा तिथे आजही मोकळी आहे.

या मांडणीचा परिणाम पुढच्या सगळ्या निर्णयांवर झाला. जागा मोकळी सोडली म्हणजे ती कुणाला दिली असं नाही. युनिकोडचा नियम स्पष्ट आहे: ज्या आकड्याला अजून अक्षर नेमलेलं नाही, त्याचा कुठल्याही प्रणालीने अक्षर म्हणून अर्थ लावायचा नाही. पण शेजारच्या दोन लिपींत त्याच ओळीत ‘र’ बसलेला दिसत असताना फॉन्ट बनवणाऱ्याने काय करावं?

समोर असलेले पर्याय

सर्वांत सोपा पर्याय म्हणजे काहीच न करणं. ‘द’ हेच ‘र’ आहे, परंपरेने तेच सांगितलं आहे, तर वेगळं अक्षर कशाला? या बाजूने बोलणाऱ्यांकडे १५९३ चं छापील पुस्तक होतं आणि दोन जमिनीचे दस्त होते. त्यांचं म्हणणं मला चुकीचं वाटत नाही. जुनं जसं होतं तसं लिहायचं असेल तर ‘द’ पुरेसा आहे. पण आजचा माणूस आजच्या तागालोगमध्ये लिहितो, आणि त्याला ‘र’ हवा आहे. युनिकोडचं काम शुद्धलेखन ठरवण्याचं नाही. लोक खरोखर जे लिहितात ते साठवता यावं एवढंच आहे. याच कसोटीवर पुढे निर्णय झाला, आणि मला वाटतं तो तसाच व्हायला हवा होता.

दुसरा पर्याय खाजगी वापराच्या जागेचा. युनिकोडच्या मूळ कोष्टकसंचात ६४०० आकडे असे आहेत की ते कुणीही आपापसांत ठरवून वापरावेत. नियमात बसणारा हाच एक मार्ग. पण तिथे एकाने ठरवलेला ‘र’ दुसऱ्याच्या फॉन्टमध्ये दुसरंच काही असू शकतो. मजकूर एका संगणकावरून दुसऱ्यावर गेला की अर्थ हरवला. याहून जुनी सोय म्हणजे रोमन अक्षरांवरच बायबायिनची चित्रं चढवलेले फॉन्ट. युनिकोड येण्यापूर्वीच्या मराठी फॉन्टांत टंकलेली कागदपत्रं आज उघडून पाहा, म्हणजे या मार्गाचा शेवट कुठे होतो ते कळतं. फॉन्ट नसला की उरते ती निरर्थक चिन्हांची रांग.

तिसरा पर्याय होता हानुनोचा ‘र’ उसना घेण्याचा. विरामचिन्हांच्या बाबतीत हे मान्य झालंच आहे: एकेरी आणि दुहेरी दंड हानुनोच्या कोष्टकात १७३५ आणि १७३६ वर आहेत आणि चारही लिपी ते वापरतात. पण अक्षराचं तसं नाही. संगणक मजकूर जुळवण्यापूर्वी तो लिपीनुसार तोडतो. ‘मारामी’ या शब्दाच्या मधोमध हानुनोचं अक्षर घातलं तर एका शब्दाचे तीन तुकडे होतात.

चौथा पर्याय: रिकाम्या जागेवर सरळ ‘र’ बसवायचा आणि मान्यता मिळण्याची वाट पाहायची. अनेक फॉन्ट बनवणाऱ्यांनी हेच केलं.

निर्णयाचा पहिला टप्पा : मोकळ्या जागेचा वापर

नियमाच्या दृष्टीने ही चूक होती, आणि तिचे तोटेही खरे होते. नुसता ‘रा’ लिहिला तर फॉन्ट असलेल्या संगणकावर तो दिसे. पण ‘रि’ किंवा ‘रु’ लिहायला गेलं की मजकूर जुळवणाऱ्या प्रणालीला १७०डी हे अक्षर माहीतच नसे. तिच्या लेखी ते अज्ञात लिपीतलं काहीतरी. त्यामुळे पुढची कुद्लित कुणावर बसवायची हे तिला कळत नसे, आणि ठिपक्यांच्या वर्तुळावर ती एकटीच उभी राही. देवनागरीत चुकून आधी मात्रा टंकली तर दिसतं, तेच वर्तुळ. शिवाय ‘तागालोग लिपीतली सगळी अक्षरं निवडा’ असं सांगितलं की ‘र’ त्यातून गळे. फॉन्ट नसलेल्या फोनवर तर नुसती रिकामी चौकट.

तरी लोक तो वापरत राहिले. अंगावर गोंदवायला, सदऱ्यावर छापायला, नावाची पाटी करायला लागणारं अक्षर ते. इथे एक बारकावा आहे. या लोकांनी जागा मनाने निवडली नव्हती. शेजारच्या दोन लिपींनी ती सुचवली होती. ही बेशिस्त होती, पण सगळ्यांची एकाच दिशेने झालेली, आणि पुढे तीच कामाला आली.

निर्णयाचा दुसरा टप्पा : प्रस्ताव

नवीन अक्षरासाठी प्रस्ताव कोणीही मांडू शकतो. त्याला संस्थेचा पाठिंबा लागत नाही, पुरावा लागतो: अक्षर कुठे छापलं गेलं, कोण वापरतं, ते आधीच्या अक्षराचं नुसतं रूप नाही हे कसं ठरतं. २०१९ मध्ये ‘र’च्या उगमाचा मागोवा घेणारा आणि त्याला अधिकृत मान्यता मागणारा सविस्तर प्रस्ताव युनिकोडच्या तांत्रिक समितीकडे गेला. १७०डी वर ‘र’ असलेले फॉन्ट आधीच चालू आहेत, ही गोष्ट इथे महत्त्वाची ठरली. जी बाब एरवी नियमभंग म्हणून मोजली गेली असती तीच वापराचा पुरावा झाली.

समितीसमोर खरा पेच ‘र’ द्यावा की नाही हा नव्हता. पेच होता, किती ‘र’? द-वर रेघ असलेल्या आजच्या ‘र’शिवाय आणखी एक, वेगळ्या घडणीचा जुना ‘र’ होता. त्याला झांबालेस (फिलिपिन्समधला एक प्रांत) ‘र’ असंही म्हणतात. तो आधीच्याचंच दुसरं रूप मानून फॉन्टवर सोडायचा, की वेगळा आकडा द्यायचा? बंगालीच्या कोष्टकात असा प्रश्न आधी सुटलेला आहे. तिथे बंगाली ‘र’ ०९बी० वर आणि असमिया ‘र’ ०९एफ० वर. इथेही वेगळा आकडा देण्याचं ठरलं.

तिसरं चिन्ह पोस्तमा यांच्यामुळे आलं. हानुनो लिपीत पाय मोडण्यासाठी त्यांनी सुचवलेली पामुदपोद नावाची खूण बायबायिन लिहिणारेही वापरू लागले होते. तिलाही तागालोगच्या कोष्टकात स्वतःची जागा मिळाली. दंडाच्या बाबतीत उसनवारी चालली होती, पामुदपोदच्या बाबतीत नको असं ठरलं. कारण ही खूण अक्षराला चिकटते. एका लिपीच्या अक्षराला दुसऱ्या लिपीची खूण लावली की पुन्हा तीच तुटफूट.

परिणाम

१४ सप्टेंबर २०२१ रोजी युनिकोडची १४.० आवृत्ती आली. त्यात एकूण ८३८ नवी चिन्हं होती. पश्चिम बंगालमधल्या टोटो भाषेची लिपी त्यांत होती, तेलुगूसाठी नुक्ता होता, आणि तागालोगची तीन चिन्हं होती: १७०डी वर ‘र’, १७१५ वर पामुदपोद, १७१एफ वर जुना ‘र’. कोष्टकातली चिन्हं २० ची २३ झाली. जुना ‘र’ कोष्टकाच्या अगदी टोकाला गेला, कारण ओळीतली जागा एकच होती.

मला या प्रकरणात सगळ्यात मोलाची वाटते ती यानंतरची गोष्ट. ज्यांनी आधीच १७०डी वर ‘र’ लिहिला होता, त्यांच्या फाइलींत काहीच बदलावं लागलं नाही. साठवणीत त्या अक्षराचे तीन बाइट ई१ ९सी ८डी असेच होते आणि तसेच राहिले. आदल्या दिवशी निरर्थक असलेला तोच आकडा दुसऱ्या दिवशी अक्षर झाला. ज्यांनी नियम पाळून खाजगी जागेवर ‘र’ ठेवला होता, त्यांना मात्र सगळा मजकूर बदलून घेणं भाग होतं. नियम पाळणाऱ्यांच्या पदरी जास्त काम आलं, ही गोष्ट मला आजही खुपते.

फोन आणि संगणक त्याच दिवशी सुधारले नाहीत, हे सांगायला नको. नव्या आवृत्तीचे तक्ते कार्यप्रणालीत, मजकूर जुळवणाऱ्या प्रणालीत आणि फॉन्टमध्ये एकेक करत उतरावे लागतात. तोवर नव्या फोनवर ‘रि’ नीट, जुन्यावर ठिपक्यांचं वर्तुळ.

एक अडचण तर मान्यतेनंतर उलट वाढली. आता ‘मारामी’ हा शब्द ‘द’ घालूनही लिहिता येतो आणि ‘र’ घालूनही. दोन्ही बरोबर. पण संगणकाच्या दृष्टीने ते दोन वेगळे शब्द आहेत. ‘र’ घालून शोधलं तर १६१३ च्या दस्ताची टंकलेली प्रत सापडणार नाही. मराठीत आपण हेच भोगतो आहोत. ‘ॲ’ हे अखंड अक्षर युनिकोडमध्ये २००८ मध्ये, ५.१ आवृत्तीत आलं. त्याआधी लोक ‘अ’वर चंद्र ठेवून काम भागवत होते. डोळ्याला दोन्ही ‘ॲप’ सारखे दिसतात, पण युनिकोड त्यांना एक मानत नाही. म्हणून एक लिहून शोधलं की दुसरं हाती लागत नाही, ज्या प्रणालीने स्वतःहून काळजी घेतली असेल ती सोडून. अर्ध्या ‘र’चंही तसंच: तो ‘ऱ’ आणि हलन्त यांनीही होतो, आणि साध्या ‘र’ला हलन्त व जोडणारं अदृश्य चिन्ह लावूनही.

काय वेगळं करता आलं असतं

२००२ मध्येच ‘र’ द्यायला हवा होता का? तेव्हा अक्षरांचा संच परंपरेच्या १७ अक्षरांवर बेतलेला होता, आणि युनिकोडमध्ये एकदा दिलेलं अक्षर परत घेता येत नाही. अशा ठिकाणी सावध राहणं मला पटतं. जागा राखून ठेवली हा तर त्या वेळचा सर्वांत चांगला निर्णय. पण ती कशासाठी राखली आहे आणि ती भरायला कोणता पुरावा लागेल, हे फिलिपिन्समध्ये ही लिपी शिकवणाऱ्यांपर्यंत पोचवता आलं असतं. फॉन्ट बनवणाऱ्यांनीही रिकामी जागा वापरायला सुरुवात केली त्याच वर्षी पुरावे गोळा करून प्रस्ताव द्यायला हवा होता. १९ वर्षांतली बरीचशी वर्षं पुरावा नव्हता म्हणून नव्हे, तो घेऊन कोणी दारात उभं राहिलं नाही म्हणून गेली, असं माझं मत आहे.

कोष्टकाचं ‘तागालोग’ हे नावही मला खटकतं. ही लिपी इलोकानो, बिकोल, कापाम्पांगान बोलणाऱ्यांनीही वापरली. पण युनिकोडमध्ये अक्षराला एकदा दिलेलं नाव बदलत नाहीत, त्यामुळे इलोकानो लिहिणाऱ्यालाही ‘तागालोग अक्षर र’ हेच वापरावं लागतं.

शोधाचा प्रश्न मात्र अजून सुटण्याजोगा आहे. जुने दस्त टंकताना मुळात जे आहे ते, म्हणजे ‘द’च, ठेवावं, तिथे आजचा ‘र’ घालणं म्हणजे दस्त बदलणं. आणि शोधणाऱ्या प्रणालीने ‘द’, ‘र’ आणि जुना ‘र’ हे तिन्ही शोधापुरते एक मानावेत. हे काम युनिकोडच्या समितीचं नाही, दफ्तरं सांभाळणाऱ्यांचं आणि शोधाची साधनं लिहिणाऱ्यांचं आहे. त्यात मूळ मजकुराला हातही लावावा लागत नाही.

पालावान बेटावरच्या तागबानवा लिपीचं कोष्टक शेजारीच आहे. तिथे त्याच ओळीत, १७६डी वर, ‘र’ची जागा अजून मोकळी आहे.